शाब्बासकी

थेरपिस्टने कंगव्याचं चित्र समोर धरलं. हेडमास्तरांनी ते नीट न्याहाळलं, ओठांवर जोर दिला आणि म्हणाले, "चमचा."

"वा," शेजारी बसलेली बायको म्हणाली. "किती स्पष्ट."

हेडमास्तरांनी जोरजोरात मान हलवली. चमचा नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अर्धांगाच्या झटक्याने उजवा हात गेला होता आणि शब्द इकडचे तिकडे झाले होते. बुद्धी मात्र जिथल्या तिथे होती. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी ज्यांना बघून लोक रस्ता बदलत, त्या माणसाला कंगव्याला कंगवा म्हणता येत नव्हतं.

"नाही सर, कंगवा," थेरपिस्ट म्हणाली. वयाने ती त्यांच्या विद्यार्थिनीची मुलगी शोभली असती. "माझ्या तोंडाकडे बघा. कं-ग-वा."

तिसऱ्या खेपेला कंगव्यासारखं काहीतरी बाहेर पडलं आणि हेडमास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची चूक काढणारं माणूस या घरात आठवड्यातून दोनदा यायचं, तेही पाऊण तास. बाकीच्या दिवशी सराव घ्यायचं काम बायकोकडे होतं.

"काकू, पंधरा दिवसांपूर्वी सरांना कंगवा येत होता. किल्लीही येत होती. दोन्ही गेले. सरावात चुकले की तुम्ही थांबवता ना त्यांना? मी सांगितलं होतं तसं?"

"थांबवते ना."

"कौतुक करा, ते हवंच. पण चुकीच्या शब्दाला शाब्बास म्हटलं की डोक्यात तोच घट्ट बसतो. पहिले सहा महिने मोलाचे असतात. त्यातले चार गेले. उरलेल्या दोनात काय मिळवायचं ते मिळवून घ्यायचं, पुढे फार कठीण."

हेडमास्तर खुर्चीत पुढे सरकले. डाव्या हाताचं बोट त्यांनी बायकोवर रोखलं. खोटं बोलतेय, एकदाही थांबवत नाही, एवढंच सांगायचं होतं. कपाळाची शीर फुगली. तोंडातून निघालं, "पाऊस."

"हो ना, आभाळ आलंय खरं," बायको म्हणाली. "छत्री आणलीयस ना गं?"

थेरपिस्टने खिडकीबाहेर बघितलं आणि पिशवी आवरायला घेतली. सरावाची कार्डं तिने टेबलावरच ठेवली.

बायको तिला दारापर्यंत सोडायला गेली. "यांना चूक ऐकायची सवय नाही गं," ती चप्पल घालणाऱ्या थेरपिस्टला म्हणाली. "चुका काढायचं खातं यांच्याकडे. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले, तेव्हा मी यांना पत्र लिहिलं होतं. चांगलं आठ पानी. आठवड्याने तेच पत्र परत आलं. पानोपानी तांबड्या शाईच्या दुरुस्त्या आणि खाली शेरा, पाल्हाळ टाळावा. दहापैकी चार."

थेरपिस्टला हसू आवरेना. बायकोही हसली.

"मग?"

"मग काय? पुन्हा नाही लिहिलं."

"सर नशीबवान आहेत, काकू. इतक्या प्रेमाने करणारं माणूस मी बाकीच्या घरांत बघत नाही."

दार लागलं. बायको आत आली, तिने हेडमास्तरांची हनुवटी पुसली, पाठीमागची उशी सारखी केली, घोटभर पाणी पाजलं. सेवेत कसूर म्हणून नव्हती. औषधाची एक वेळ चुकली नव्हती, अंथरुणाला कधी वास आला नव्हता. आजूबाजूच्या सुनांना सासवा तिचं उदाहरण द्यायच्या.

मग ती कार्डं घेऊन बसली. बरोबर उत्तरांची कार्डं डावीकडे ठेवायची, चुकलेली उजवीकडे, असं ठरलेलं होतं.

किल्ली दाखवली. "कंगवा," हेडमास्तर म्हणाले.

"वा." कार्ड डावीकडे गेलं.

बादली दाखवली. "चप्पल."

"छान. आवाज केवढा सुधारलाय तुमचा." बादली डावीकडे.

घड्याळ, उंदीर, कुलूप. हेडमास्तर एकेक शब्द ओढून काढत होते, तो चुकलेला आहे हे स्वतःच्या कानांनी ऐकत होते आणि बायकोकडे बघत होते. डावीकडची चळत वाढत चालली. उजवीकडे टेबलाचं लाकूड दिसत होतं. आठव्या कार्डाला त्यांनी हात फिरवून सगळी चळत खाली पाडली. ती गुडघे टेकून खाली बसली आणि तिने सगळी कार्डं गोळा केली. वैतागली नाही, उलट तिला बरं वाटत होतं. इतकं बरं तिला या घरात फार वर्षांत वाटलं नव्हतं.

ती उठत असताना हेडमास्तरांनी तिचं मनगट धरलं. छाती वरखाली होत होती. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"चूक," ते म्हणाले. आणि मग, "सांग."

अगदी साफ. झटका आल्यापासून कुणी न पढवता आलेले, नेमके हवे तेच दोन शब्द. ते स्वतःच दचकले. हात मात्र त्यांनी सोडला नाही. शाळेत त्यांच्या टेबलासमोर उभं राहून पुष्कळ पोरांनी, आता ते बायकोकडे बघत होते तशाच डोळ्यांनी, त्यांच्याकडे बघितलं होतं, आणि त्या पोरांचं काय व्हायचं ते त्यांना चांगलं आठवत होतं.

बायकोने हलकेच मनगट सोडवून घेतलं.

"वा," ती म्हणाली. "दोन शब्द, आणि तेही लागोपाठ. शाब्बास."

तिने त्यांची पाठ थोपटली आणि पुढचं कार्ड समोर धरलं.