कशाच्या पावलांनी

साहेब, तुम्ही पद्मजाकाकूंना कधी पाहिलंही नाहीत. दांड्या धरून नुकत्या उभ्या राहायला लागलेल्या बाईची थेरपी तुम्ही फोनवरून कॅन्सल केलीत. म्हणालात, या आता चालणार नाहीत, आमची इन्शुरन्स कंपनी पैसे देणार नाही. मग त्याच वर्षी, चौऱ्याऐंशी साली, इथे न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत काय घडलं ते ऐका.

गौरी यायचा दिवस. काकूंच्या डाव्या अंगावरून वारं गेलेलं, त्या व्हीलचेअरमध्ये. पावलं उमटवायला शरयू आली होती; ती युनिव्हर्सिटीत माणसाच्या चालण्यावर पीएच.डी. करायची. कार्पेटवर ब्राऊन पेपर अंथरून ती कालवलेल्या पिठीत मूठ बुडवत होती. मुठीची कड टेकवायची, वर बोटांनी पाच टिंबं. झालं पाऊल.

"अगं, हे गौरीचं पाऊल की माकडाचं?" काकू खेकसल्या.

अंगठ्याचं टिंब लांब, बाजूला पडलं होतं. शरयू हसली. "सॉरी काकू! रोज लॅबमध्ये चिंपांझीचे ठसे मेझर करते, हात तसाच वळला."

"म्हणजे अंगठ्याचाच काय तो फरक?"

"तो एक. पण फांदी सोडून तो बोटांच्या रांगेत यायला लाखो वर्षं लागली. काकू, चालणं म्हणजे प्रत्येक पावलाला पुढे पडायचं आणि पडता पडता स्वतःला झेलायचं. दोन पायांवर ते जमलं, म्हणून तर हात मोकळे झाले."

काकू तिच्या पिठाळ मुठीकडे बघत राहिल्या. मोकळा झालेला हात पाऊल काढत होता.

"अहो, मुखवटा द्या इकडे. गौर मी आणणार."

"पडशील!" उल्हासकाका ओरडले.

"ही काय सांगतेय मघापासून? पडायचंच असतं."

काकांनी दाराशी नेऊन त्यांना उभं केलं आणि गौरीपुढे वाजवायची थाळी हातात घेतली. उजव्या हाताने त्यांनी पितळी मुखवटा छातीशी धरला. डावा पाय घासत आला, थरथरला, टेकला. त्या पुढे झुकल्या, कोसळल्याच असत्या, आणि दुसरा पाय येऊन त्यांच्याखाली उभा राहिला. पिठीच्या पावलावर. मग पुन्हा डावा.

रात्रंदिवस हेच शिकणारी शरयू श्वास घ्यायला विसरली. काकांच्या हातातली थाळी वाजायची राहून गेली.

देवापाशी पोचल्यावर शरयूने दरवर्षीचं विचारलं, "गौर आली?"

"आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

काकूंना धाप लागली होती. त्यांना बोलवेना.

घराघरात याचं उत्तर ठरलेलं असतं, साहेब: सोन्याच्या पावलांनी. पण आज ते तुम्ही द्यायचं. उचला फोन. सांगा, कशाच्या पावलांनी आली?