टाचण्यावाली बाई

धाकटीने आठवडाभर थोरल्या बहिणीच्या शिवणाच्या दुकानात येऊन एका बटणालाही दोरा लावला नव्हता. यायची, पंख्याखालची खुर्ची ओढायची आणि मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून मोठ्याने वाचत सुटायची. गिऱ्हाईक आहे, काम आहे, कशाची फिकीर नाही. टेलिफोन ऑफिसात जन्मभर बोलायचे पैसे मिळाले, आता फुकट बोलते, एवढाच काय तो फरक, असं थोरलीचं मत.

निमित्त एका पुस्तकाचं होतं. चित्रांच्या पुस्तकांतला जुना वादळवीर, पाठीवर लाल कापड उडवत गच्च्यांवरून उड्या मारणारा. त्याच्या चाहत्यांनी त्याच्यावर गोष्टी लिहून जाडजूड पुस्तक काढलं होतं. आत चित्र मात्र एकही नाही. "चित्राशिवाय वादळवीर म्हणजे मिठाशिवाय जेवण," असं थोरली पहिल्याच दिवशी बोलून मोकळी झाली होती. पण त्यातली एक गोष्ट धाकटीच्या लेकाची होती आणि वाचणाऱ्यांनी तीच डोक्यावर घेतली होती. त्या गोष्टीत वादळवीराचा पोशाख काखेत उसवतो. तो एका शिंपिणीकडे जातो. ती त्याला स्टुलावर उभं करते आणि तोंडात टाचण्या धरून त्याची खरडपट्टी काढते.

"ऐक ताई, हा एक वाचक लिहितो, 'टाचण्यावाली बाई म्हणजे पुस्तकाचा जीव.' आणि ही बघ काय म्हणते, 'अशी आई मला का नाही मिळाली?'" धाकटीने चष्मा सारखा केला. "कोणीतरी विचारलं, ही बाई खरी आहे का? आमच्या बाळाने उत्तर दिलंय, 'घरातलीच आहे.' आता घरातली म्हणजे मीच की!"

काज करणारी बाई कौतुकाने हसली. थोरलीने मशीनचं चाक गरजेपेक्षा जोरात फिरवलं.

घरातली म्हणे. लहानपणी अस्तराचे तुकडे पाठीला बांधून बाळाने उड्या मारल्या त्या कोणाच्या टेबलावरून? धाकटी सुई ओवायला बसली तर सुईचं भोक शोधण्यातच दुपार जायची. हिच्या तोंडात टाचण्या! भाच्याला फोन करून एकदा विचारावं, असं थोरलीच्या मनात येऊन गेलं होतं. पण मागून घेतलेल्या मानाला चव नसते. तिने दातांनी दोरा तोडला आणि पुढची बाही उचलली.

तेवढ्यात बसचा कंडक्टर आला. युनिफॉर्मच्या कोटाचं बटण पोटावर लागत नव्हतं. थोरलीने त्याला स्टुलावर चढवलं, हात आडवे पसरायला लावले आणि टाचण्या ओठांत धरल्या.

"पोट आत घे."

"आतच आहे, मास्तरीणबाई."

"मग बाहेर असतं तेव्हा बसमध्ये मावतं कसं?"

कंडक्टर हसला. पण मागून धाकटीचं वाचन पुन्हा सुरू झालं तसा तो स्टुलावरच उसळला.

"त्या पुस्तकाचं नाव काढू नका! मी शाळेत होतो तेव्हापासून वादळवीर वाचतोय. बाकीच्या गोष्टी एक वेळ ठीक. पण ती शिंपीण! वादळवीराला गाढव म्हणते! 'शहर सांभाळतोस, आणि काखेतली शिवण सांभाळता येत नाही?' असं तोंडावर विचारते. आणि आमचा वादळवीर मान खाली घालून ऐकतो! आमच्या ग्रुपवर नुसती आग लागलीय. कोण ही भवानी? जिभेला हाड नाही, बोलायची रीत नाही. तो लेखक भेटला ना, विचारणार आहे मी, कुठल्या उकिरड्यावरून उचलून आणलीस रे ही बाई?"

धाकटीचा मोबाइल मांडीवर आला.

"अहो, हळू," काज करणारी बाई म्हणाली. "लेखकाची आई इथेच बसलीय. यांच्यावरच तर लिहिलंय. आठवडाभर सांगतायत."

"तुम्ही?" कंडक्टरने धाकटीकडे पाहिलं.

"मी? छे हो!" धाकटी खुर्चीतून अर्धी उठली. "लेक माझा, ते खरं. पण ती बाई मी कशी असेन? मी उभ्या जन्मात कोणाला गाढव म्हटलं नाही. टेलिफोनवर शिव्या देणाऱ्यालासुद्धा 'कृपया थांबा' म्हणायचे. ती ही, आमची ताई. माझ्या रात्रपाळ्या असायच्या, पोर हिच्याकडे असायचं. कानावर पडलं ते लिहिलं बिचाऱ्याने."

कंडक्टरने खाली पाहिलं. थोरली त्याच्या पोटाशी वाकलेली होती. त्याने न सांगता श्वास ओढून पोट आणखी आत घेतलं.

थोरली सावकाश सरळ झाली. ओठांतली एकेक टाचणी काढून तिने मनगटावरच्या गादीत टोचली. गाल तापले होते, पण ते कोणाला दिसू द्यायची नव्हती ती. कंडक्टरकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"ताप आला की पोर मावशीच्या खांद्यावर, आणि हसायला लागलं की आईच्या कडेवर. तुझी रीत मला नवी नाही, धाकटे," ती म्हणाली. "तेव्हा दर वेळी परत दिलं मी. पण आज चार माणसांत तू हात झटकलेस, तेव्हा ही बाई मी ठेवून घेतली. शिव्यांसकट. उद्या तिला कोणी डोक्यावर घेऊन नाचलं, तरी मागायला यायचं नाही."