तक्त्याचा पुठ्ठा

कारखान्याच्या वर्धापनदिनी मी दरवर्षी कागद-पुठ्ठ्याच्या निर्यातमूल्याचा तक्ता रेखाटीत असे: भारताची रेषा निळी, इंडोनेशियाची तांबडी. पुठ्ठा मात्र आमच्याच यंत्रावरचा, असा दंडक होता.

यंदा तांबडी फारच उंच गेली. यंत्रावर तीस वर्षे घालवलेले तुळशीरामदादा तक्त्यापुढे हसले. "जाऊ दे रे वर. आपलं यंत्र फिरतंय तोवर कसली भीती?"

सवयीप्रमाणे त्यांनी पुठ्ठ्याचा कोपरा चिमटीत धरला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा आपला नव्हे."

"मालकांनी इंडोनेशियाहूनच मागवला, दादा. पहिल्या तारखेपासून आपलं यंत्र बंद."

बराच वेळ त्यांनी तो कोपरा सोडला नाही. अखेर म्हणाले, "पुठ्ठा मात्र झकास केलाय त्यांनी."