कावळ्याची हरकत

पिंड ठेवून पाऊण तास झाला, तरी कावळा शिवेना.

कावळे नव्हते असं नाही. घाटावरच्या करंजाच्या झाडावर चांगले पंधरा-वीस बसले होते. एखादा धीर करून पायरीवर उतरायचा, मान वाकडी करून पत्रावळीकडे बघायचा आणि नेमका तेव्हाच वरच्या रस्त्याने सिमेंटचा ट्रक हॉर्न वाजवत यायचा. की सगळे भुर्र. पत्रावळीवर भाताचा पिंड होता, शेजारी पुंजारामअण्णांच्या आवडीची भेळ. भेळ पार सादळून गेली होती.

रिवाजाप्रमाणे एकेक जण पुढे होऊन, गेलेल्याला शब्द देत होता. मुंडण केलेल्या आदिनाथने, अण्णांच्या मुलाने, हात जोडले. "अण्णा, आईला अंतर देनार न्हाई." कावळा हलला नाही. "जयाचं शिक्षण मोडनार न्हाई." तरी नाही. अण्णांच्या भावाने तर बांधाचा वाद जागेवर मिटवून टाकला, जो कोर्टात वीस वर्षांत मिटला नव्हता. कावळ्याला त्याचंही काही नव्हतं.

गुरुजी हळूच म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू या का?"

"दर्भाचा न्हाई," लंकाबाई म्हणाल्या. अण्णांबरोबर चाळीस वर्षांचा संसार झाला होता त्यांचा. "त्यांना खोटं कधी चाललं न्हाई."

माइकवर श्रद्धांजलीची भाषणं चालूच होती. आता कल्याणशेठ उठले. नदीकाठची गोदामं शेठची, ट्रक शेठचे, आणि गावाच्या नव्या विकास आराखड्यात घाटापासून पुलापर्यंतची सगळी पट्टी गोदामांसाठी दाखवावी ही खटपटही शेठचीच. त्यावर अख्ख्या गावात एकट्या पुंजारामअण्णांनी लेखी हरकत घेतली होती. तिची सुनावणी आज दुपारी बाराला होती आणि हरकत घेणाऱ्याचा दहावा आज सकाळी. शेठ माणूस वाईट नव्हता. कुणाचा दहावा तो चुकवत नसे.

"अण्णांचा या घाटावर लई जीव," शेठ सांगू लागले. "त्यांची इच्छा अपुरी राहू नये, ही आपल्या समद्यांची..." पुढचं ट्रकने गिळलं. कावळे उडाले.

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "शेठ, मग तुमीच द्या शब्द. इच्छा तुमच्यापाशीच अडकलीय."

चारशे माणसं शेठकडे बघू लागली. अशा वेळी नाही म्हणणारा माणूस नगर जिल्ह्यात अजून जन्मायचाय. शेठनी माइक बाजूला धरला आणि ते पुटपुटले, "अण्णा, घाटाला धक्का लावनार न्हाई."

"माइकमधी म्हना, काका," आदिनाथची जया म्हणाली. कॉलेजात शिकणारी पोर, हातात आज्याच्या हरकतीचा कागद घट्ट धरून उभी होती.

शेठनी माइकमध्ये म्हटलं. वर आणखी म्हटलं, "गोदामं बायपासला नेतो. काठ मोकळा ठेवतो." तेवढ्यात वरून अजून एक ट्रक गेला, हॉर्नसकट. शेठना घाम फुटला. मेलेल्या माणसाचा आपल्यावर विश्वास नाही, हे चारशे लोकांपुढे सिद्ध होत होतं. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि ते मुकादमावर ओरडले, "गाड्या थांबव! समद्या! पुलापलीकडंच. इंजिनं बंद कर!"

हळूहळू घरघर विरली. पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. दोन मिनिटं गेली, तीन गेली. मग एक कावळा उतरला, उड्या मारत आला आणि त्याने भाताला चोच लावली. मागोमाग बाकीचे भेळेवर तुटून पडले.

"शब्द पोचला," म्हणत लोकांनी हात जोडले. लंकाबाई रडल्या, दहा दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणाने. हॉर्न थांबले म्हणून कावळा आला, एवढं त्यांनाही कळत होतं. पण तो आला होता आणि त्यांच्या जिवाला बरं वाटत होतं.

शेठनी परत मोबाईल काढला.

"कुनाला लावतो?" लंकाबाईंनी विचारलं.

"गाड्या सोडायला सांगतो, काकू. झालं ना आता अण्णांचं."

लंकाबाईंनी पलीकडच्या पायऱ्यांकडे बोट दाखवलं. तिथे दोन वेगळ्या गावची माणसं आपापल्या पत्रावळी मांडून झाडाकडे बघत उभी होती. "त्यांचं हुं दे."

"बरं. त्यांचं झाल्यावर सोडतो."

"सोड की. ज्या दिवशी तालुक्यात कुनाचाच दहावा नसंल, त्या दिवशी खुशाल सोड."

शेठनी मोबाईल खिशात घातला आणि जयाकडून तो कागद मागून घेतला. हरकत साडेतीन ओळींची होती: आणखी गोदामं झाली तर ट्रकांच्या आवाजाने घाटावर कावळा उतरणार नाही. शेठनी ती एकदा वाचली, पुन्हा वाचली, नीट घडी घालून परत दिली.

"बाराला माझ्याच गाडीत चल, पोरी," ते म्हणाले. "मलाबी तिथं बोलायचंय."

"चालतच जाऊ, काका," जया म्हणाली. "आज रस्ता मोकळा हाय."