दोरीचा टणत्कार

बंदुकीसारखा घोडा दाबून बाण सोडायच्या जुन्या क्रॉसबोची दोरी सुटताना एवढा टणत्कार व्हायचा, की बाण पोचण्याआधीच हरण खाली दबायचं आणि बाण वरून निघून जायचा. म्हणून व्हर्नाने तो मोडीत काढला आणि यंदा दुकानातला सगळ्यात मुका क्रॉसबो निवडला.

मक्याच्या शेताच्या कडेला ठोकलेल्या तंबूत ती आणि तिचा नवरा लाइल दबा धरून बसले. धुक्यातून हरणांतला एक म्हातारा नर आला. शिंगं कसली, ओकच्या फांद्याच!

"काय रुबाब आहे लेकाचा!" लाइल पुटपुटला. "आता नुसती बघत बसू नकोस."

तेवढ्यात तोच जुना टणत्कार झाला. नर झटकन दबला आणि पुन्हा दिमाखात उभा राहिला.

"केलीस ना घाई!"

"मी? माझा बाण इथेच आहे, लाइल."

तंबूमागे पुन्हा दोरी सुटली. या वेळी नर दबला नाही; हा बाण आपल्यासाठी नाही, हे जणू त्याला ठाऊक होतं. मान ताठ करून तो तंबूकडेच बघत होता.