हळदीचा टोप

"भामाताई, आज तुमी नुस्त्या बसा," असं म्हणत भावनानं, तिच्या धाकट्या जावेनं, भामाच्या हातातला डाव काढून घेतला आणि कुंदनला दिला. तेही सगळ्या बायकांसमोर.

"मी कशाला? वैनी हाय ना," कुंदन म्हणाला.

भामाला ते ढोंग वाटलं.

पनवेलजवळच्या त्या गावात कुणाच्याही घरी हळद असली, की मटणाचा टोप भामाच्याच हातचा. आज तर घरातलीच हळद, पुतणी रियाची. पण दीर कुंदन दिल्लीहून आला होता ना! पंतप्रधानांच्या बंगल्यावरचा मुख्य आचारी. मग भामाला कोण विचारतो?

ह्याच कुंदनला कांदा चिरायला तिनं शिकवलं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता, सारखा तिच्या चुलीपाशी घुटमळायचा. आता खारघरचे पाहुणे त्याच्यासोबत फोटो काढत होते. भामाच्या अंगाचा तिळपापड झाला. टोपाकडे बघायचं नाही, रस्सा चाखायचाही नाही, असं ठरवून ती पाठ फिरवून लसूण सोलत बसली.

रस्सा उकळू लागला तसा कुंदन जवळ आला.

"दिल्लीचा फोन हाय, वैनी. टोपावर ध्यान ठेव. तुला काय सांगायचं!"

म्हणजे राखणीला बसवलं मला, भामा मनात म्हणाली.

तो मांडवाबाहेर गेला. बायका नवरीभोवती गाणी म्हणत होत्या. एवढ्या टोपाला मिठाची एक पुडी लागते, हे भामानं झोपेतही सांगितलं असतं. तिनं आणखी एक पुडी फोडली. सगळी ओतली. खाऊ दे गावाला दिल्लीचं मटण!

कुंदन परत आला. तळहातावर रस्सा घेऊन त्यानं चाखला, डोळे मिटले.

"वा! वाढा आता."

पंगत बसली. भामा खांबाआडून एकेकाचं तोंड बघू लागली. कुणाचंही जेवण गोड न मानणाऱ्या सोनाबाईनं भाकरी बुडवून घास घेतला आणि वाटी पुढं केली.

"आन गो, आजून आन! कुंदन, हाताला चव हाय रं तुझ्या!"

लोक रस्सा मागून मागून खाऊ लागले. भामा जळून खाक झाली. म्हणजे नाव मोठं असलं की खारटसुद्धा गोड लागतं! तिला रडूच आलं.

पंगत उठल्यावर कुंदन तिच्या शेजारी येऊन बसला. त्याचेही डोळे भरले होते.

"कुणाला सांगू नको, वैनी. वर्ष झालं, आजारपणात जिभेची चव गेली ती गेलीच. तिकडं हाताखालचे लोक सांभाळून घेतात. इथं तुझ्या जिवावर हो म्हटलं." त्यानं तिचा हात धरला. "मी मीठ टाकलंच नव्हतं. तू चाखून टाकशील, ठावं होतं मला."