विरजण

शेवंताक्काच्या टपरीवर पाटी होती, ‘खरशिंगीचं मडक्यातलं दही’. हमरस्त्यावरच्या गाड्या गावाच्या त्या नावानंच थांबायच्या. परवा समोर तशीच पाटी लागली, भावकीतल्या शंकरची. निम्मं गिऱ्हाईक तिकडं वळलं.

आज सांजेला एक गाडीवाला शंकरच्या टपरीतून तणतणत बाहेर आला. दह्याला तार सुटली होती.

“माझ्याकडं विरजण मागायची लाज वाटली असंल. बाजारातलं पिशवीतलं दही घालून लावलंय,” आक्का सुनेला म्हणाली. दोघी पोट धरून हसल्या.

तेवढ्यात दुसरी गाडी आक्काच्या टपरीपाशी हळू झाली. मघाच्या तणतणणाऱ्या गाडीवाल्यानं पलीकडूनच ओरडून सांगितलं, “थांबू नका! खरशिंगीच्या दह्यात आता राम नाही राहिला.” गाडी आक्काच्या पाटीसमोरून तशीच निघून गेली.

आक्काचं हसू मावळलं. ती उठली, वाटीभर विरजण घेतलं आणि रस्त्याकडं निघाली.

सून दचकली. “आत्या, दिवेलागण झाली. या वेळेला विरजण घराबाहेर देत न्हाईत.”

“घराबाहेर चाललंय, गावाबाहेर न्हाई.”

रस्ता ओलांडता ओलांडताच तिनं हाक मारली, “ए शंकऱ्या, दूध कोमट करून ठेव!”